पाटावरच्या चार डिस्क

दवाखाना, मुलचेरा
१७ ऑक्टोबर २००२, गुरुवार

श्री. कुलदीप यांस,

मैना हिचा नमस्कार. पत्र दवाखान्याच्या कामाचं आहे, तरी उघडून वाचावं. घरचं यात काहीही नाही.

दवाखान्याचा फोन पोळ्यापासून बंद आहे. काल आष्टीला जाऊन चंद्रपूरला तुमच्या दुकानात फोन लावला, तर माझा आवाज ऐकून तुम्ही ठेवून दिला. ठेवा. तो तुमचा हक्क आहे. म्हणून हे पत्र एसटीच्या पोचूभाऊ कंडक्टरजवळ देत आहे. त्यांची गाडी सकाळी इथून निघते, दुपारी चंद्रपूरला लागते आणि संध्याकाळी परत येते. ते उत्तरासाठी थांबतील. माझा राग त्यांच्यावर काढू नये.

काम असं आहे. तुम्ही नोकरीत असताना बसवलेला सर्व्हर बंद पडला. मंगळवारी दसऱ्याची सुटी होती. बुधवारी सुरू केला तर रुग्णांच्या नोंदी दिसेनात. वीज कमीजास्त झाली असावी. गडचिरोलीहून एक कम्प्युटरवाला बोलावला. त्याने लिनक्स खराब झालं असं सांगून लहान डिस्कवरचं जुनं लिनक्स पुसलं आणि नवीन टाकलं. आता त्या नवीन लिनक्सला चार डिस्कांची पेटीच दिसत नाही. पेटी ज्या कार्डाला जोडली आहे, त्याला चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, नवीन लिनक्समध्ये नाही. जुना ड्रायव्हर तुम्ही स्वतः तयार करून फ्लॉपीत ठेवला होता. कपाटात पाहिलं तर त्या फ्लॉपीला बुरशी लागली आहे. कम्प्युटरवाला हात वर करून बसने निघून गेला.

नऊ हजार दोनशे बारा माणसांच्या रक्ताच्या नोंदी त्या चार डिस्कांत आहेत. सिकलसेलच्या सगळ्या.

तुम्ही म्हणाल, तीन वर्षांत बाईने एक ओळ लिहिली नाही आणि आता गरज पडली. हव, पडली. मले नाई पडली, बुधरीले पडली.

बुधरी म्हणजे लालसूभाऊची पोरगी, नऊ वर्षांची. सोमवारपासून भरती आहे. अंगात रक्त (हिमोग्लोबिन) पाच. बाहेरचं रक्त द्यावंच लागते. पण मागच्या वर्षी दिलं तवा पोरीले थंडी भरून आली, लघवी काळी झाली, जाता जाता राह्यली. तवा नागपूरले तपासून आणलं की तिच्या अंगाले कोणतं रक्त चालते आन् कोणतं नाई. तो रिपोर्ट मी माझ्या हातानं मशीनमध्ये चढवला. लालसूभाऊजवळचा कागद श्रावणातल्या पुरात घरासकट वाहून गेला. नागपूरले मागचा कागद सापडत नाई, पुन्हा नमुना पाठवला, ते म्हणतात दहा दिवस. डॉक्टरबाई म्हणतात पोरीजवळ दहा दिवस नाईत, आन् अंदाजानं रक्त द्यायले त्यांचा हात धजत नाई.

ड्रायव्हर पाठवा. दुसरं काही मागत नाही.

मैना
रेकॉर्ड विभाग


१९ ऑक्टोबर, शनिवार, सकाळ

कुलदीप यांस,

फ्लॉपी काल संध्याकाळी मिळाली. सोबतची चिठ्ठी पण. चार ओळी, ना नमस्कार ना सही. बरं आहे. कामाशी काम.

पण फ्लॉपीवर जो कागद चिकटवला त्यावरचं अक्षर तुमचं नाई. ते कोणाचं आहे हे मले सांगायची गरज नाई, तिले पाटीवर हात धरून मीच गिरवायले लावलं होतं. मी तो कागद दोनदा वाचला. "कार्डचा ड्रायव्हर" एवढंच लिहिलं आहे, तरी दोनदा वाचला.

तुमी लिहिली ती कमांड जशीच्या तशी टाइप केली. मशीन म्हणते, हा ड्रायव्हर दुसऱ्या लिनक्ससाठी बनवला आहे, माझ्यासाठी नाई. आपल्या नवीन लिनक्सचा नंबर पडद्यावरून उतरवून देते: दोन, टिंब, चार, टिंब, अठरा, मंग आडवी रेघ, मंग तीन. तीनदा तपासला. एक आकडा मागंपुढं झाला तरी ड्रायव्हर बसत नाई, हे तुमीच मले शिकवलं होतं. त्या कम्प्युटरवाल्यानं कोणतं लिनक्स टाकलं हे पहिल्याच पत्रात लिहायले पायजे होतं. माझी चूक. यात एक दिवस वाया गेला.

बुधरीचं रक्त आज साडेचार. पोरगी बोलते, पण डोळे मिटून बोलते. माय तिच्या पायाले तेल लावत बसते. लालसूभाऊ दर घंट्याले माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राह्यतात, मशीनकडे पाह्यतात, काही विचारत नाईत, परत जातात. विचारलं असतं तर बरं झालं असतं. मले भांडता तरी आलं असतं.

नवीन ड्रायव्हर आजच्या गाडीनं पाठवा.

मैना


२० ऑक्टोबर, रविवार, पहाटे

कुलदीप,

आज "श्री" नाई आन् "यांस" नाई. आज तुले जुन्यासारखी "तू" म्हणूनच लिहून राह्यली. वाचशील तर वाच.

काल तुझी दुसरी फ्लॉपी आली. ड्रायव्हर बसला! माय वो, पडद्यावर कार्डाचं नाव आलं तवा मी खुर्चीवरून उठूनच गेली. डॉक्टरबाई मागं उभ्या होत्या, त्यांनी माझा खांदाच धरला. लालसूभाऊ दारात होते, त्यांनी हात जोडले, कोणाले जोडले काय माहीत.

मंग कार्डाच्या पडद्यावर गेली. तिथं लिहून आलं: डिस्कांची मांडणी जुळत नाही, आता दिसते ती मांडणी खरी धरू का? हव असेल तर वाय दाबा, नाई तर एन.

तुझी चिठ्ठी बाजूले होती. तू लिहिलं होतं, "वीज गेल्याने कार्ड असं विचारू शकतं. डिस्क जागच्या जागी असतील तर वाय दाबा. डिस्क काढल्या किंवा हलवल्या असतील तर कशालाच हात लावू नका, आधी मला सांगा."

माझं बोट वायवर होतं. डॉक्टरबाई म्हणे, "दाबा ना मैनाबाई, काऊन थांबल्या?" मी म्हणली, "कुलदीपले एक गोष्ट विचारायची राह्यली." त्या म्हणे, "आता?" मी म्हणली, "हव, आताच." आन् मशीन बंद केलं. त्यांचं तोंड पाह्यलं नाई. लालसूभाऊंचं पण नाई.

वीज गेली नव्हती, कुलदीप. कमी पण नाई झाली आन् जास्त पण नाई. मी खोटं लिहिलं.

सोमवारी खंडेनवमी होती. तुले माहीत आहे, त्या दिवशी दवाखान्यातली सगळी हत्यारं पुजली जातात. कात्र्या, वजनकाटा, जीप, लोहाराच्या घरी ऐरण पुजतात तसं. तू होता तवा दर वर्षी भांडायचा, "मैनाताई, मशीनले हळदकुंकू कायले लावता, धूळ पुसा, त्यानं मशीन जास्त जगते." मी म्हणत होती, तू आपल्या दीक्षाभूमीवर जा, मले माझं करू दे. तू हसत जायचा. तवा आपलं भांडण असं हसण्यापुरतं होतं.

यंदा संस्थेचे अध्यक्ष येणार होते. मी म्हणलं मशीन चकचकीत दिसलं पायजे. सर्व्हर बंद केला आन् चारही डिस्क खणातून ओढून बाहेर काढल्या. प्रत्येकीवर तू मलमपट्टीची चिकटपट्टी लावून एक, दोन, तीन, चार लिहिलं होतं ना? पिवळ्या पडल्या होत्या. मी त्या नखानं खरवडून काढल्या आन् वरून स्पिरिटनं पुसून टाकल्या.

खरं लिहिते. मळ होता म्हणून नाई काढल्या. तुझं अक्षर होतं म्हणून काढल्या. तीन वर्षं ते अक्षर रोज माझ्या डोळ्यांसमोर होतं. सगळ्यांना सांगत फिरत होती की कुलदीप गेला तरी काही अडलं नाई, मशीन मीच सांभाळते. पट्ट्या निघाल्या तवा मले बरं वाटलं. आता पहाटे बसून तेच आठवून राह्यली आन् माझाच मले संताप येऊन राह्यला.

डिस्क पाटावर मांडल्या, हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. तेवढ्यात अध्यक्षांची गाडी आली. मी मुखरूभाऊ वॉर्डबॉयले म्हणलं, "आत लावून द्या जी," आन् हार घेऊन पळाली. त्यांनी हातात आली तशी लावली. त्यांचा काय दोष? त्यांना कोणी सांगतलं होतं की जागा असते म्हणून?

बुधवारी मशीन बोंबललं तवाच मी समजली. तोंड उघडलं नाई. कम्प्युटरवाला लिनक्स पुसायले बसला तवा पण नाई. तुले पत्र लिहिलं तवा पण नाई. तुझ्यासमोर मान खाली जाईल, एवढंच भेव. अन् तिकडं पोरगी पांढरी पडत चालली.

आता सांग काय करू. शिव्या द्यायच्या असतील तर त्या पण पाठव, पण आधी ते सांग.

मैना


२१ ऑक्टोबर, सोमवार, सकाळ

कुलदीप,

तुझी चिठ्ठी काल आली. शिवी एक पण नाई. त्यापेक्षा शिवी बरी होती.

तू लिहिलं ते मले समजलं. चार डिस्क चोवीस प्रकारे लागू शकतात आन् त्यातला एकच खरा. चुकीच्या क्रमाले वाय म्हणलं की ते कार्ड आपल्याच मनानं "दुरुस्ती" सुरू करते आन् राह्यलेलं पण खराब करून टाकते. म्हणजे एकच डाव. "आठवा," एवढंच शेवटी लिहिलं. मैनाताई की मैनाबाई, ते पण गाळलं.

आठवलं नाई रे. मुखरूभाऊले विचारलं, ते रडकुंडीले आले, "बाई, मले तं चारही सारख्याच दिसल्या." पट्ट्या कचऱ्यात गेल्या आन् कचरा जळाला. अर्ध्या रातीपर्यंत मी डोकं धरून बसली. बुधरीच्या रक्ताचा आकडा चार आला. डॉक्टरबाई म्हणे, उद्या संध्याकाळपर्यंत पाहू, मंग जे आहे ते रक्त देऊ, देवाचं नाव घेऊ. त्यांच्या तोंडून देवाचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

मंग मी उठली आन् चारही डिस्क बाहेर काढल्या. जुन्या जागेवर. पाटावर. नुसत्या पाहत बसली.

कुलदीप, त्यांच्यावर कुंकू तसंच आहे.

ऐक. मी कुंकू पाण्यात कालवलं होतं. पूजा करताना मी बोट वाटीत एकदाच बुडवते, पुन्हा पुन्हा नाई, माझ्या सासूनं तसंच वळण लावलं, एका बुडवणीत ओळ संपवायची. आता पाह्य: एका डिस्कवर कुंकू इतकं जाड आहे की ओघळ खाली येऊन सुकला. दुसरीवर गोल टिकली, भरलेली. तिसरीवर अर्धी, मधात उघडी. चौथीवर नुसती हळद आन् लालसर डाग. म्हणजे बोट कोणत्या डिस्कवरून कोणत्या डिस्कवर गेलं ते लिहून ठेवल्यासारखं आहे.

पाटावर मी कशा मांडल्या? खणातून वरून खाली काढत गेली आन् डाव्या हातापासून मांडत गेली. हे पक्कं. कारण उजवीकडं समई होती आन् चौथी डिस्क समईले लागत होती, म्हणून मी समई सरकवली आन् तेल सांडलं. चौथीच्या कडेले तेलाचा डाग पण आहे. हात लावून पाह्यला, अजून चिकट आहे. आन् कुंकू मी डावीकडूनच लावते, उलटं लावत नाई.

तू वरच्या खणापासून एक, दोन, तीन, चार लावल्या होत्या ना? एवढंच मले तुझ्याकडून पक्कं पायजे. डिस्कांच्या मागं कंपनीचा लांब नंबर आहे, त्याचे शेवटचे तीन आकडे कुंकवाच्या क्रमानं देते: ४१७, ०९३, ६६२, २०८.

मी याच्यावर पोरीचा जीव लावू का? मले एकटीले हे ठरवायचं नाई. तीन वर्षं सगळं एकटीनं ठरवलं, त्याचं काय झालं ते पाहूनच राह्यली. हव म्हण की नाई म्हण, पण संध्याकाळच्या गाडीनं म्हण. पोचूभाऊ तुझ्या दुकानासमोरून हलणार नाईत, मी शपथ घातली.

मैना


२२ ऑक्टोबर, मंगळवार, सकाळ

जवाईबापू,

हा शब्द तुमाले मी पहिल्यांदा लिहून राह्यली. खोडला नाई.

काल तुमची चिठ्ठी आली. "मैनाताई" म्हणून सुरू केली होती. तेवढं वाचून मी कागद उलटा ठेवला आन् पाणी पिऊन आली. मंग पुढचं वाचलं. "वरच्या खणापासून एक. २०८ चौथी, हे माझ्या जुन्या वहीतही आहे. बाकीच्या तिघींसाठी कुंकवावर भरवसा ठेवतो. पुसू नका. कार्डची दुरुस्ती आधी बंद करा, कशी ते मागे लिहिलं आहे. मग क्रम द्या. मग पेटी फक्त वाचण्यापुरती उघडा, त्यावर काही लिहू देऊ नका."

चिठ्ठीच्या मागची सगळी पानं माझ्या लहान बहिणीच्या, रोशनीच्या हातची होती. अकरा पायऱ्या, एकेक कमांड वेगळ्या ओळीवर, जिथं माझं चुकू शकते तिथं खाली रेघ. तिले माहीत आहे माझं कुठं चुकते.

डॉक्टरबाई बसल्या, लालसूभाऊले मी आत बोलावून खुर्ची दिली. म्हणलं, जे होईल ते तुमच्यासमोर होऊ दे. आन् त्यांना खरं सांगतलं, की भाऊ, वीज गेली नव्हती, हे माझ्या हातून झालं. त्यांनी खुर्ची मशीनजवळ ओढली. मंग म्हणे, "बाई, आता लावून तं पाहा." एवढंच.

डिस्क लावल्या. ४१७ वर, २०८ खाली. वाय दाबताना डोळे मिटले, ते मान्य करते. हिरवा दिवा पहिल्या डिस्कवर लागला, मंग दुसऱ्या, मंग तिसऱ्या. चौथा लागेना. मी मनातल्या मनात तुमाले, स्वतःले, अध्यक्षांच्या हाराले, सगळ्यांना शिव्या घातल्या. मंग तो पण लागला.

अकरावी कमांड दिली. नऊ हजार दोनशे बारा नावं. मी बुधरीचं नाव टाकलं आन् नागपूरचा रिपोर्ट जसाच्या तसा समोर आला, माझ्याच हातानं चढवलेला. मी टेबलावर डोकं ठेवून रडली. लाज वाटली नाई.

तुमी म्हणत होते पुसा, कुंकू नका लावू. पुसल्यानं गेलं, कुंकवानं सापडलं. भेटल्यावर यावर भांडू. तुमचं पण खरं आहे, काढायले नको होत्या डिस्क.

आता पुढचं. हे लिहायले मी पहाटेपासून तीन कागद फाडले.

रिपोर्ट आला तशी डॉक्टरबाईनं मशीनले विचारलं की बुधरीच्या अंगाले चालेल असं रक्त आपल्या नोंदीत कोणाचं आहे. तुमाले आठवत असेल, तुमी होते तवा आपल्या सगळ्या स्टाफचं आन् रक्त देणाऱ्यांचं रक्त बारकाईनं तपासून आणलं होतं. नऊ हजारांत तिघं निघाले. एक मागच्या वर्षी वारले. एक बाई पंधरा दिवसांची बाळंतीण आहे. तिसरं नाव पडद्यावर पाहून डॉक्टरबाईनं माझ्याकडं पाह्यलं. त्यांना आपलं सगळं माहीत आहे.

तिसरे तुमी आहा.

तीन वर्षांपूर्वी तुमी रोशनीले घेऊन आमच्या दारात आले होते, लग्नाची नोंदणी करून, गळ्यात हार. मी उंबऱ्यात आडवी उभी राह्यली. बाबा आत होते, ते उठले पण नव्हते, बोलली ती मीच. काय बोलली ते तुमी विसरले नसाल, पण मीच लिहिते, म्हणजे मी विसरली असं तुमाले वाटणार नाई. मी म्हणलं होतं, "तुमचं रक्त आमच्या घरात चालणार नाई."

रोज रक्ताच्या नोंदी चढवणारी बाई मी. कोणाच्या रक्तात काय असते ते माझ्याइतकं या तालुक्यात कोणाले माहीत? तरी म्हणलं. माणसं काय म्हणतील याच्या भेवानं म्हणलं, आन् मंग तेच खरं करत बसली. त्या वाक्याले माफी मागायची तर कोणत्या तोंडानं मागू? तरी मागते. बुधरीसाठी मागते असं समजू नका. तुमी आज आले नाई तरी ही माफी तुमची आहे, ठेवून घ्या.

आता बुधरीसाठी. डॉक्टरबाई म्हणतात चंद्रपूरहून रक्ताची पिशवी आणण्यापेक्षा माणूस आला तर बरं, इथंच जुळवून लगेच देता येईल. पोरगी आज सकाळी साडेतीनवर आहे. श्वास लागते. मी तिले सांगतलं की चंद्रपूरहून एक मामा येऊन राह्यला. तिनं डोळे उघडून विचारलं, "कोणाचा मामा?" मी म्हणलं, "तुझाच."

खोटं बोलली, की आजच्यापुरतं खरं, ते तुमी ठरवा.

डिस्कांवरचं कुंकू मी पुसलं नाई. पट्ट्या नवीन कापून ठेवल्या आहेत, कोऱ्या. नंबर तुमच्या हातानंच लिहायचे.

पोचूभाऊले ड्रायव्हरच्या मागच्या सीट राखायले सांगतलं आहे. ते म्हणे, किती? मी म्हणलं, दोन.

तुमची
मैनाताई